महिनाभराचा गुणाकार आणि विश्वाला न पेलणारी उलटतपासणी

एक संख्या आहे. तिचे अंक 617. बारीक अक्षरात लिहिली तर वहीचं एक पानही भरणार नाही. आरएसए या सांकेतिक कुलपाच्या 2048 बिटांच्या पब्लिक कीच्या, म्हणजे उघड चावीच्या पोटात ही संख्या असते आणि गंमत म्हणजे ती लपवायची नसते! वर्तमानपत्रात छापा, चौकातल्या फळ्यावर रंगवा. ती वापरून कोणीही तुमच्यासाठी निरोप कुलूपबंद करावा. उघडेल मात्र फक्त तुमच्या प्रायव्हेट कीने, म्हणजे खासगी चावीने. 1977 साली एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ही युक्ती काढली.

ही संख्या म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. त्या दोघी प्रत्येकी 309 अंकी. चला, हा गुणाकार हातानेच करू. 309 गुणिले 309, म्हणजे 95,481 छोटे गुणाकार. पाढे पाठ आहेत, हातचे आणि बेरजा धरून प्रत्येकाला दहा सेकंद द्या. रोज आठ तास बसलात तर महिना-सव्वा महिन्यात उत्तर हातात! संगणक नको, वीज नको. पेन्सिली मात्र बऱ्याच लागतील.

आता उलटे निघू. गुणाकार दिला आहे, त्या दोघींना शोधा; सापडल्या की कुलूप उघडलंच. एकेक मूळ संख्या घ्यायची आणि भाग जातो का बघायचं. अशा मूळ संख्या आहेत तरी किती?

गावातल्या विहिरीपासून सुरुवात करू. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, काठोकाठ भरलेली. थेंब मोजले तर साधारण 700 कोटी. दहा आकडी संख्या झाली. आता मुंबई ते पुणे हा 192 किलोमीटरचा लोहमार्ग घ्या. त्यावर तांदळाने भरलेल्या मालगाड्या डब्याला डबा लावून उभ्या करा. 300 गाड्या मावतात. प्रत्येकीत अडीच हजार टन, किलोला 50 हजार दाणे. एकूण दाणे साडेसदतीस लाख कोटी. चौदा आकडी! देशाचं वर्षभराचं उत्पन्न रुपयांत मांडा, 300 लाख कोटींच्या वर जातं. पंधरा आकडी. पृथ्वीवरचे सगळे समुद्र थेंबाथेंबाने मोजा. सव्वीस आकडी. प्रत्येक वाढत्या आकड्याला पट दहाची आहे, हे विसरू नका.

आणि आपल्याला हव्या असलेल्या 309 अंकी मूळ संख्या? सुमारे 1 वर 305 शून्यं.

दम खा. शास्त्रज्ञ सांगतात की दिसू शकणाऱ्या सगळ्या विश्वात मिळून सुमारे 1 वर 80 शून्यं इतके अणू आहेत. मोजले कसे ते त्यांना माहीत; आपण विश्वास ठेवू. आता त्यातल्या प्रत्येक अणूच्या पोटात एकेक अख्खं विश्व ठेवा. झाली 160 शून्यं. त्या विश्वांतल्या प्रत्येक अणूत पुन्हा एकेक विश्व. 240. अजूनही 65 शून्यं कमीच!

मग माणसं लावू. भारतातल्या 140 कोटी लोकांना प्रत्येकी एक महासंगणक वाटा, सेकंदाला 1 वर 18 शून्यं इतक्या संख्या तपासणारा. विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत, 1380 कोटी वर्षं, क्षणभर न थांबता सगळे चालू ठेवा. तपासून झालेल्या संख्यांची मोजदाद होईल पंचेचाळीस आकडी. तीनशे सहा आकड्यांपुढे पंचेचाळीस म्हणजे कामाला हातच लागलेला नाही.

अर्थात कोणी इतकं खुळ्यासारखं चाचपडत बसत नाही. गणितज्ञांकडे हुशार वाटा आहेत, आणि त्या वाटांनी कुलूपवाल्यांची एकदा चांगलीच फजिती केली आहे. 1977 च्या ऑगस्टमध्ये लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात अशीच एक 129 अंकी संख्या छापली. फोडणाऱ्याला बक्षीस 100 डॉलर, अंदाजे वेळ 4 वर 16 शून्यं इतकी वर्षं. 1994 मध्ये इंटरनेटवरच्या सहाशे स्वयंसेवकांनी ती आठ महिन्यांत फोडली! आतून निरोप निघाला तो कसल्याशा मळमळणाऱ्या गिधाडाचा. 2020 मध्ये 250 अंकी संख्या फुटली. ते काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर टाकलं असतं, तर सुमारे 2,700 वर्षं लागली असती. 617 अंकी संख्या फोडल्याचं मात्र अजून कोणी दाखवलेलं नाही.

एवढं अजस्र कुलूप, पण आत मावतं किती? नेहमीच्या सुरक्षित पद्धतीने 190 बाइट. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या धरून 63 चिन्हं. खुशालीची धड दोन वाक्यंही नाहीत! म्हणून सॉफ्टवेअर शहाणपणा करतं. फाइल एईएस नावाच्या दुसऱ्या कुलपाच्या 32 बाइटांच्या झटपट चावीने बंद करायची आणि मोठ्या कुलपात ठेवायची ती फक्त ही चिमुकली चावी. चिमुकली म्हणायचं, पण तशा चाव्या किती असू शकतात? अठ्ठ्याहत्तर आकडी!

आणि उघडताना? कुलूपबंद होऊन आलेल्या 617 अंकी संख्येचा घात करायचा. वर्ग नव्हे, घन नव्हे, तर प्रायव्हेट कीतल्या जवळजवळ तितक्याच अंकी संख्येइतका घात! उत्तर कागदावर मांडायचं म्हटलं, तर त्यात अंक किती असतील एवढं सांगायलाच सहाशेहून जास्त आकडी संख्या लागते. विश्वातल्या प्रत्येक अणूवर एकेक अंक कोरला तरी अणू संपतील आणि उत्तराची सुरुवातही झालेली नसेल. सॉफ्टवेअर ते लिहायच्या फंदातच पडत नाही. वर्ग करायचा, पब्लिक कीतल्या संख्येने भागायचं, बाकी तेवढी ठेवायची. पुन्हा वर्ग, पुन्हा बाकी, मधूनमधून एखादा गुणाकार. बाकी 617 अंकांपुढे जातच नाही. अशी तीनेक हजार आवर्तनं झाली की शेवटच्या बाकीतून चावी बाहेर. साध्या लॅपटॉपला याला लागतात एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्या वेळात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरने निघालेली गाडी चार बोटंसुद्धा पुढे सरकत नाही.