गोळीला खाडा नको

देगलूरहून ऊसतोडीला किंवा तेलंगणात कामाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत हिपॅटायटिस बीच्या गोळ्या असतील, तर त्या परत येईपर्यंत पुरतील ना, हे आधी मोजा. बाकी सामान नंतर.

कारण असे, की हा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आपल्या डीएनएचे बारीक कडे करून ठेवतो. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही गोळी त्याच्या नव्या प्रती निघू देत नाही. ते कडे मात्र तसेच राहते. म्हणून तपासणीत विषाणू दिसला नाही, तरी तो गेलेला नसतो. गोळी मनाने बंद केली की तो पुन्हा उसळतो, आणि कधी यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. बरे वाटते म्हणून गोळी सोडणे, ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते.

एन्टेकाविर उपाशीपोटी घ्यायची: जेवणानंतर २ तासांनी, आणि पुढचे जेवण आणखी २ तासांनी. टेनोफोविर जेवणासोबत चालते, पण मूत्रपिंडाची तपासणी वेळोवेळी हवी. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका; त्यांचा भारही मूत्रपिंडावरच पडतो. काविळीचा झाडपाला आणि दारू तर नकोच.

२०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच तिथे जा, आणि जाताना घरच्यांनाही तपासणीसाठी सोबत न्या.