ऑल्डबराचा संगीत महोत्सव

पुण्याच्या सवाईला दरवर्षी जाणं आपल्याला जमत नाही, पण जूनमध्ये सफोकच्या समुद्रकाठी ऑल्डबराला नक्की जाता येतं. संगीतकार बेंजामिन ब्रिटन आणि गायक पीटर पिअर्स यांनी मित्रांसह १९४८ मध्ये हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू केला. १९६७ मध्ये जवळच्या स्नेप गावी, बिअरसाठी बार्लीला मोड आणायच्या जुन्या इमारतीत त्याचं सभागृह झालं. दोनच वर्षांनी, महोत्सवाच्या पहिल्याच रात्री ते जळालं! तरी कार्यक्रम इतरत्र हलवून महोत्सव पार पडला आणि पुढच्या जूनपर्यंत सभागृह पुन्हा उभं राहिलं. रचनेच्या मधल्या विरामात मात्र टाळ्या नाहीत. ‘वाहवा’ शेवटपर्यंत आवरणं आम्हाला जडच जातं. लंडनहून इप्सविचला गाडी बदलून सॅक्समंडमला उतरावं.