सौरघट : प्रकार आणि निर्मिती

कन्हेरी परिसरात घरांच्या गच्चीवर, विहिरींच्या कडेला आता सौर पॅनेल दिसू लागली आहेत. बारामती तालुक्यातच शिर्सुफळ येथे महानिर्मितीचा सौर प्रकल्प उभा आहे. परंतु पॅनेल घेताना आपण केवळ किंमत विचारतो. आतील घट कोणत्या प्रकारचा, हे विचारीत नाही. पैसा कष्टाचा आहे. म्हणून या घटाची माहिती आपण करून घेऊ या.

सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. तो प्रकाशाच्या सुमारे 6 टक्केच ऊर्जेची वीज करी.

सिलिकॉन गारगोटीपासून मिळते. गारगोटी कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापविली, की तिच्यातील प्राणवायू निघून जातो. उरलेले सिलिकॉन अतिशय शुद्ध करून सुमारे 1414 अंश सेल्सिअसला वितळवितात. पुढे दोन वाटा फुटतात. रसात छोटा स्फटिक टेकवून, फिरवीत हळूहळू वर ओढला, की एकाच स्फटिकाचा दांडा तयार होतो. हा 'मोनो' प्रकार होय. रस साच्यात थंड केला, तर अनेक स्फटिकांचा ठोकळा होतो. तो 'पॉली'. मोनो पॅनेल साधारण 20 ते 22 टक्के, तर पॉली 15 ते 17 टक्के कार्यक्षम असते. म्हणजे जागा थोडी असेल, तर मोनो सोयीचे. तिसऱ्या प्रकारात काचेवर कॅडमियम टेल्युराइडसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर देतात.

दांडा किंवा ठोकळा तारेने कापून 0.2 मिलिमीटरहूनही पातळ चकत्या करतात. नेहमीच्या पद्धतीत सिलिकॉनमध्ये आधीच थोडे बोरॉन असते. चकतीच्या वरच्या बाजूस फॉस्फरस मुरवितात. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन या दोन थरांच्या सांध्यामुळे एकाच दिशेने ढकलले जातात. हीच वीज. शेवटी प्रकाश परतवू न देणारा लेप आणि चांदीच्या बारीक रेघा देतात.

एक घट जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट देतो, म्हणून अनेक घट साखळीने जोडतात. त्यामुळे एका घटावर कडुलिंबाची सावली किंवा पक्ष्यांची घाण पडली, तरी साऱ्या साखळीची वीज घटते आणि तो घट तापतो.

तेव्हा सभासद बंधु-भगिनींनो, पॅनेल घेण्यापूर्वी प्रकार, कार्यक्षमता आणि हमीची वर्षे लेखी मागा. विद्यार्थी मित्रांनो, हे काम शिकून घ्या. गावातील पॅनेल बिघडले, तर गावातलेच हात उपयोगी पडावेत.