विलायतेतले धुराडे

लंडन : ठाण्या-डोंबिवलीत चिमणी म्हणजे गॅसच्या शेगडीवर टांगलेली, फोडणीचा धूर ओढणारी स्टीलची पेटी. इंग्लंडमधली चिमणी म्हणजे भिंतीतून छपरापार गेलेले विटांचे धुराडे. पेटीत पंखा असतो, धुराड्यात काहीच नसते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि खोलीतली हवा मागोमाग ओढून नेते, एवढ्यावरच सगळा कारभार. म्हणून दारे-खिडक्या गच्च लावून फायरप्लेसपुढे बसण्याची हौस अंगाशी येते. बाहेरची हवा आत आली नाही, तर धूर खोलीतच उलटतो.

खरी गोम लाकडात. ओल्या लाकडाची बरीच धग पाणी आटवण्यातच जाते. धूर थंडावतो आणि धुराड्याला आतून डांबरासारखी काजळी धरते. ती पेटली की आगगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज येतो. इंग्लंडमध्ये २०२१पासून दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचे, तर त्यात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. वाळलेली दोन लाकडे एकमेकांवर आपटली की ठणठणतात, ओली बद्द वाजतात. कोकणातल्या आजीला त्यासाठी कायदा लागला नसता.

लाकूड जाळणाऱ्या घरात वर्षातून चारदापर्यंत, तर धूर न करणारे इंधन वापरणाऱ्या घरात निदान एकदा धुराडे साफ करण्याचा सल्ला दिला जातो. सफाईवाला फायरप्लेसच्या तोंडाला कापड लावतो, त्यातून गोल ब्रश आत सारतो आणि एकेक काठी पिळून जोडत तो वर चढवतो. शेवटी घरमालकाला अंगणात पिटाळतात, ब्रशने छपरावर डोके काढले का ते बघायला. कावळ्याच्या जातीतले जॅकडॉ धुराड्यात काटक्या कोंबून घरटी करतात, तीही काढावी लागतात. पूर्वी या कामाला लहान पोरे आत चढवत. ती चाल १८७५च्या कायद्यानंतर मोडली.

डिसेंबर १९५२मध्ये कोळशाच्या धुराने लंडन पाच दिवस कोंडले, हजारो माणसे दगावली. त्यातून १९५६चा स्वच्छ हवा कायदा आला. आजही शहराच्या बऱ्याच भागांत उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही. मान्यताप्राप्त बंद स्टोव्ह लागतो.

राखेतले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात, म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवतात. धुरापेक्षा घातक कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. डोके दुखते, मळमळते, झापड येते. भाड्याच्या घरात फायरप्लेस किंवा गॅसचा हीटर असलेल्या खोलीत या वायूचा अलार्म बसवणे २०२२पासून घरमालकावर बंधनकारक आहे. गॅसची शेगडी तेवढी वगळली आहे.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये फायरप्लेस नसते, पण बंद बाथरूममधला गॅस गिझर हाच वायू सोडतो. तो बाथरूमबाहेर, हवेशीर जागी बसवावा लागतो. स्वयंपाकघरातल्या चिमणीत काजळीऐवजी तळणाचे तेल साचते. जाळी आणि तेलाची वाटी वेळच्या वेळी धुतली नाही, तर कढईतला भडका त्या तेलालाही धरतो.