विश्लेषण : शिवारफेरी कशासाठी? गल्लीतून गायरानापर्यंत आणि परत

ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून सकाळी निघायचे, गल्ल्यांतून वेशीबाहेर पडायचे, पाणंदीने गायरान गाठायचे आणि ओढ्याच्या काठाने दुसऱ्या बाजूने गावात शिरायचे. या गोल फेऱ्याला शिवारफेरी म्हणतात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने हा शब्द सरकारी कागदांवर घरोघरी पोहोचवला. आधी गावाने फिरून कामांच्या जागा पाहायच्या, मग आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा, असा हा क्रम. मात्र याच फेरीत गावाच्या सामाईक जमिनीचा हिशेबही उघडा पडतो. काही ठिकाणी ती पाच-दहा मिनिटांत, फोटोपुरती उरकली जाते, त्याचे एक कारण हेही असावे.

गल्ल्यांत काय दिसते?

तुंबलेली गटारे, सांडपाण्याचा उतार, बंद हातपंप. हे गावाला माहीत असतेच. खरा प्रश्न वेशीबाहेर सुरू होतो.

पाणंद गेली कुठे?

गावच्या नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. त्याची रुंदी साडेसोळा ते २१ फूट धरली जाते. पायमार्ग एका तुटक रेषेने, सव्वाआठ फुटांचा. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे बांध दर नांगरटीला वीतभर सरकतात आणि काही वर्षांनी बैलगाडीच्या वाटेवरून मोटारसायकलही जेमतेम जाते. ऊस तोडणीच्या हंगामात वाहन अडले की भांडण तहसीलदारांपर्यंत जाते. नकाशा हातात घेऊन चालले, तर वाट नेमकी कुठे आवळली हे भांडणाआधीच कळते.

गायरान कोणाचे?

मालकी शासनाची, वापर गावाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार अशी जमीन मोफत गुरचरणासाठी राखून ठेवता येते. सातबाऱ्यावर ‘सरकार’ आणि ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’ अशी नोंद दिसते. तिच्यावरील अतिक्रमणे गाव नमुना १-ई मध्ये लिहिली जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी राज्यांनी योजना आखावी, असा आदेश दिला. त्याच वर्षी १२ जुलैला राज्याने गायरान संरक्षणाचा शासन निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत हटवण्यास सांगितले, तेव्हा त्यांची संख्या सुमारे २ लाख २२ हजार असल्याचे समोर आले. नोटिसा निघाल्या आणि गावोगावी धास्ती पसरली.

सगळी अतिक्रमणे सारखीच का?

नाहीत, आणि कागदावर नेमका हाच फरक पुसला जातो. नोंदवहीत भूमिहीनाची दोन खोल्यांची झोपडी आणि बड्या बागायतदाराने गायरानात ढकललेला बांध एकाच रकान्यात बसतात. कसणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न जुना आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे, अटींसह, नियमित करण्याचा मार्ग दिला. तरी पुराव्याअभावी अनेकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही. दंडाची एखादी जुनी पावती किंवा १-ई मधील एक ओळ एवढाच त्यांचा आधार. दुसरीकडे, गायरान आक्रसले की दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला चाऱ्यासाठी लांबवर जावे लागते. नुकसान दोन्हीकडे गरिबाचेच.

फेरीत कोण हवे?

सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) असतातच. त्यांच्याइतकाच उपयोग गुराख्याचा आणि सरपण आणणाऱ्या बायकांचा. तार कधी ओढली गेली, हे त्यांना तारखेसह आठवते. सोबत गावचा नकाशा, गायरानाचा सातबारा आणि १-ई चा उतारा हवा. वेळ शक्यतो गुरे सोडण्याची ठेवावी. कुठल्या वाटेने जनावरे जातात आणि कुठून वळसा घालतात, ते तेव्हा विचारावे लागत नाही.