विश्लेषण : हॉट रॉड बांधायची, पण त्यात माणूस मावणार का? घरच्या घरी गाडी बांधणारे बॉडी कशी निवडतात?

इंजिन मिळाले, सांगाडा तयार झाला, रंगही ठरला. वर्षभर शनिवार-रविवार गॅरेजमध्ये घालवल्यावर मालक पहिल्यांदा आत बसतो आणि लक्षात येते, की गुडघा स्टिअरिंगला अडतोय, डोके छपराला टेकतेय आणि ब्रेक दाबायला गेले की बुटाची कड क्लचलाही लागतेय. अमेरिकेत घरी ‘हॉट रॉड’ बांधणाऱ्यांच्या वाट्याला हा अनुभव नेहमी येतो. अशा वेळी गाडी अर्धवट अवस्थेत विकण्याची पाळी येते किंवा ती तशीच चालवली जाते. यातला दुसरा मार्ग जास्त धोक्याचा. त्यामुळे बॉडी निवडताना देखण्या रेषांइतकाच आतल्या इंचांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. तो कसा करतात?

हॉट रॉड म्हणजे नेमके काय?

जुनी, साधी गाडी घ्यायची, अनावश्यक भाग काढून ती हलकी करायची आणि तिच्यात ताकदवान इंजिन बसवायचे, ही हॉट रॉडची मूळ कल्पना. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात गाड्या पळवत. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद देशभर पसरला आणि १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक सुरू झाले.

या छंदाचा कणा म्हणजे फोर्डच्या गाड्या. मॉडेल टी (१९०८ ते १९२७) दीड कोटीहून अधिक बनली, त्यामुळे भंगारातही ती मुबलक होती. त्यानंतर मॉडेल ए (१९२८ ते १९३१) आली. १९३२ मध्ये फोर्डने सामान्यांच्या खिशाला परवडणारे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन दिले. त्या वर्षीची फोर्ड ‘ड्यूस’ या नावाने आजही हॉट रॉडवाल्यांची सर्वांत लाडकी आहे. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ चित्रपटातील पिवळी गाडी ही १९३२ची पाच खिडक्यांची कूपेच होती.

जागेचा प्रश्न का येतो?

या गाड्यांची रचनाच वेगळी होती. मडगार्ड आणि पाय ठेवायच्या फळ्या बॉडीच्या बाहेर असत. त्यामुळे रस्त्यावर गाडी जितकी रुंद दिसे, तितकी ती आत रुंद नसे. १९४९ च्या फोर्डपासून मडगार्ड बॉडीतच सामावले गेले आणि आतली रुंदी वाढली. पण परंपरेने १९४८ किंवा त्याआधीचीच गाडी ‘स्ट्रीट रॉड’ मानली जाते. म्हणजे छंदाची सीमारेषाच अरुंद गाड्यांच्या बाजूला आखलेली आहे.

त्या गाड्यांत माणूस ताठ, जवळजवळ खुर्चीत बसल्यासारखा बसे. छप्पर उंच आणि सीटही उंच असल्यामुळे पाय खाली सोडता येत. आजच्या मध्यम आकाराच्या सेडानमध्ये चालकाला पायासाठी साधारण ४२ इंच लांबी मिळते. जुन्या गाडीत इतकी लांबी नसली तरी उंच बैठकीमुळे ते खपून जाई. हॉट रॉडवाले नेमकी ही उंचीच कमी करतात आणि तिथून अडचण सुरू होते.

कोणत्या बॉडीत किती जागा?

मॉडेल टी : दोन चाकांच्या आसांमधले अंतर १०० इंच. तिच्या उघड्या, बादलीसारख्या बॉडीवर बांधलेल्या गाडीला ‘टी-बकेट’ म्हणतात. वजन कमी, काम सोपे आणि खर्चही कमी. पण आतली जागा सर्वांत तोकडी. दोन धिप्पाड माणसे बसली की खांद्याला खांदा लागतो. अमेरिकेत बनलेल्या उघड्या मॉडेल टीमध्ये अनेक वर्षे चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडत नसे, पत्र्यावर त्याचा नुसता आकार उठवलेला असे. आजच्या फायबरच्या टी-बकेटमध्येही बऱ्याचदा दरवाजे उघडत नाहीत. त्यामुळे आत शिरणे हीच एक कसरत होते.

मॉडेल ए : आसांमधले अंतर १०३.५ इंच. हिची गंमत म्हणजे पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या जागी, चालकाच्या गुडघ्यांच्या वर असे. पंपाची गरज नव्हती, पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने इंजिनात उतरे. हॉट रॉड बांधताना ही टाकी बहुतेक जण मागे हलवतात. त्यामुळे गुडघ्यांना थोडी मोकळीक मिळते आणि मांडीवर पेट्रोल घेऊन बसण्याचा धोकाही टळतो.

१९३२ची फोर्ड : १०६ इंच. टाकी मुळातच मागे. मात्र रोडस्टर आणि कूपे या दोन्ही प्रकारांत सीटच्या पाठीमागे किती मोकळी जागा आहे, ते तपासावेच लागते.

१९३३-३४ ची फोर्ड : ११२ इंच. एका वर्षात सहा इंचांची वाढ. पण वाढलेला प्रत्येक इंच केबिनला मिळत नाही, बराचसा लांबलचक बॉनेटमध्ये जातो. म्हणून केवळ आसांमधल्या अंतरावरून जागेचा अंदाज बांधणे ही पहिली चूक ठरते.

पिकअप : उंच माणसासाठी फसवा पर्याय. बंद केबिनची मागची भिंत सरळ उभी आणि सीट तिला चिकटलेली. सीट मागे सरकवायला किंवा पाठ कलती करायला वावच नसतो.

दोन दरवाजांची सेडान : फोर्डने हिला ‘ट्यूडर’ नाव दिले होते. रोडस्टर किंवा कूपेचा रुबाब हिच्यात नाही असे मानले जाई, त्यामुळे एके काळी हिला मागणी कमी होती. जागेच्या बाबतीत मात्र ती सर्वांत उदार. मागची सीट थोडी आखडली किंवा काढलीच, तर पुढची सीट हवी तितकी मागे नेता येते. सहा फुटांहून उंच चालक असेल किंवा मुलाबाळांसह फिरायचे असेल, तर अनुभवी मंडळी बहुधा हिच्याकडेच बोट दाखवतात.

छप्पर कापले की पाय का अडकतात?

हॉट रॉडला बसके रूप देण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. ‘चॉपिंग’मध्ये खिडक्यांच्या पातळीवर खांब कापून छप्पर खाली आणतात. ‘चॅनेलिंग’मध्ये बॉडी सांगाड्यावर खाली उतरवतात. सांगाडा जागेवरच राहत असल्याने बॉडीच्या आत तळाचा पत्रा तितकाच वर बसवावा लागतो. बाहेरून पाहता दोन्हींमुळे गाडी बुटकी दिसते, पण आत एकात छप्पर खाली येते आणि दुसऱ्यात जमीन वर येते.

एक साधा हिशेब पाहू. सहा फूट उंच माणसाची बसल्यावरची उंची साधारण ३७ इंच भरते. दबलेल्या सीटची उंची ६ इंच आणि डोक्यावर मोकळी जागा २ इंच धरली, तर तळापासून छपरापर्यंत ४५ इंच लागतात. समजा गाडीत बरोबर तेवढेच आहेत. आता छप्पर ३ इंच कापले आणि बॉडी ४ इंच खाली उतरवली, तर उरले ३८ इंच. त्या माणसाने सीट काढून थेट पत्र्यावर बसायचे ठरवले तरी ३७ अधिक २ म्हणजे ३९ इंच हवेत. एक इंच कमीच पडतो.

यावर उपाय म्हणून सीट खाली आणून पाठ मागे झुकवतात. पण खुर्चीत बसल्यावर पाय खाली सोडता येतात, जमिनीवर भिंतीला टेकून बसले की ते पुढे पसरावे लागतात. घरात मांडी घालता येते, गाडीत पेडलपर्यंत पाय न्यावेच लागतात. म्हणजे उंची कमी केली की तिची भरपाई लांबीने करावी लागते. आखूड बॉडीचे छप्पर कापले, तर ही भरपाई करायला लांबी उरत नाही. शिवाय छपराची कड डोळ्यांच्या रेषेत येते आणि चौकात थांबल्यावर सिग्नल पाहायला मान वाकवावी लागते.

गाडी बसकी हवी, पण आतली जागा घालवायची नसेल तर तिसरा मार्ग आहे. सांगाड्याचीच टोके कापून इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखी पायरी देतात. त्यामुळे केबिनची जमीन फारशी वर न घेता संपूर्ण गाडी रस्त्याजवळ येते. मात्र हे वेल्डिंगचे जोखमीचे काम आहे. तिथला सांधा कच्चा राहिला, तर चालत्या गाडीचा कणाच मोडतो.

इंजिन पायांची जागा कशी खाते?

इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, तिला फायरवॉल म्हणतात. मोठे इंजिन पुढच्या रेडिएटर आणि पंख्यामुळे पुढे सरकवता येत नाही, मग ते मागे सरकते आणि फायरवॉल केबिनमध्ये दोन-तीन इंच ढकलावी लागते. हे इंच थेट चालकाच्या पावलांमधून जातात.

इथे इंजिनाची निवडही बोलते. १९५५ मध्ये आलेले शेवरोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ स्वस्त आणि सहज मिळणारे असल्याने हॉट रॉडमध्ये सर्रास वापरले जाते. पण त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग, मागच्या बाजूला फायरवॉलजवळ येतो. फोर्डच्या स्मॉल ब्लॉकमध्ये तो पुढे असतो. १९९७ पासूनच्या जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांना डिस्ट्रिब्युटरच नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे रुंद आवरण दोन्ही पायांच्या मधली जागा घेते, पण क्लचचे पेडल वाचवते. त्यामुळे ब्रेकचे पेडल रुंद करता येते आणि मोठ्या पावलांच्या चालकाला ते फार मोलाचे असते.

विकत घेण्याआधी मोजमाप कसे करतात?

अनुभवी बांधणारे बॉडी घेण्याआधी प्लायवूड आणि पुठ्ठ्याचा नमुना करतात. पद्धत सोपी आहे.

- जमिनीवर खडूने फायरवॉल, दरवाजा आणि मागची भिंत यांच्या रेषा बॉडीच्या मापाने आखायच्या.
- जी सीट वापरायची तीच ठेवायची. सोफ्यासारखी जाड सीट चार-पाच इंच सहज खाते.
- पेडलच्या जागी लाकडी ठोकळे ठेवायचे आणि नेहमीचे बूट घालूनच बसायचे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे.
- काठीला स्टिअरिंगचे चाक लावून ते फिरवून पाहायचे. मांडी आणि चाक यांच्यात हात फिरण्याइतकी जागा हवी. लहान व्यासाच्या चाकाने थोडी जागा वाचते.
- निदान अर्धा तास तसेच बसायचे. पाच मिनिटांत न जाणवणारी कळ तिसाव्या मिनिटाला जाणवते.
- शेवटी दरवाजातून आत-बाहेर करून पाहायचे. अपघातात बाहेर पडायची वाटही तीच असते.

ही बैठक गाडीतल्या सर्वांत उंच चालकाच्या मापाने करायची. बुटक्या माणसासाठी सीट पुढे घेता येते, पण उंच माणसासाठी भिंत मागे घेता येत नाही.

जुना पत्रा की नवी बॉडी?

नव्वद वर्षांपूर्वीची अस्सल पोलादी बॉडी मिळाली तर तिची शान वेगळीच. पण गंज आणि किंमत या दोन अडचणी आहेत. शिवाय त्या काळातील शेवरोलेसारख्या गाड्यांत पत्र्याच्या आत लाकडी चौकट असे. ती कुजलेली असेल, तर सुतारकामही शिकावे लागते. आता मॉडेल ए आणि १९३२च्या रोडस्टरच्या नव्या पोलादी बॉडी बनतात. फायबरमध्ये पर्याय आणखी जास्त आहेत आणि काही उत्पादक दरवाजे मुद्दाम काही इंच लांब करून बॉडी देतात. बाहेरून तो फरक सहसा ओळखू येत नाही, आत मात्र गुडघे सुटतात. अस्सलपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. ज्याला रोज ती गाडी चालवायची आहे, तो मात्र बहुधा वाढीव इंच निवडतो.

भारतात असे करता येईल का?

अमेरिकेतील अनेक राज्यांत स्वतः बांधलेल्या वाहनाची वेगळी नोंदणी होते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीसाठी नियम आले. पण त्यात गाडी मूळ रूपात असणे अपेक्षित आहे. म्हणजे आजोबांच्या गाडीचे छप्पर कापून ती रस्त्यावर आणायचा विचार असेल, तर तो सोडलेला बरा.

तरीही हे गणित इथे अगदीच परके नाही. पुण्यासह राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ ‘बाहा’ आणि ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धांसाठी दरवर्षी स्वतः गाड्या बांधतात. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीत शंभरातल्या ९५ पुरुषांना सामावेल अशा मापाचा नमुना-पुतळा बसावा लागतो, बाहामध्ये चालकाचे हेल्मेट आणि पिंजऱ्याचे पाइप यांच्यात ठरावीक अंतर राखावे लागते. पुतळा बसला नाही तर कितीही मेहनतीने बांधलेली गाडी तपासणीतच अडकते. घरच्या गॅरेजमध्ये असा तपासनीस नसतो. तिथे खडूच्या रेषा आणि प्लायवूडचा तुकडा यांनाच ते काम करावे लागते, आणि तेही बॉडीचे पैसे देण्याआधी.