स्वीट पी : सुगंधी वेल बियांपासून घरी कशी वाढवाल? पेरणीची वेळ, जात आणि एक महत्त्वाची खबरदारी

दसरा-दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकांत हिवाळी फुलांच्या बियांची पाकिटे दिसू लागतात. त्यातले एक हमखास स्वीट पीचे. फिकट गुलाबी, जांभळी, पांढरी फुलपाखरासारखी फुले आणि मंद गोड सुगंध. पण अनेक घरांत वेल भरपूर वाढते, फूल मात्र येत नाही. असे का होते?

मूळ कुठले?
ही वेल मूळची इटलीतील सिसिली बेटाची. शास्त्रीय नाव लॅथिरस ओडोरॅटस. तेथील धर्मगुरू फ्रान्सिस्को कुपानी यांनी १६९९ मध्ये तिचे बी इंग्लंडला पाठवले, असे मानले जाते. पुढे तिथे शेकडो जाती तयार झाल्या. थंड हवा हीच या वेलीची खरी गरज.

फुले का येत नाहीत?
याचे उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. स्वीट पीच्या जातींचे ढोबळमानाने तीन गट पडतात. हिवाळी गटाला फुलण्यासाठी सुमारे १० तासांचा दिवस पुरतो, वसंत गटाला सुमारे ११ तास, तर उन्हाळी गटाला सुमारे १२ तास लागतात.

पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही साधारण ११ तासांचा असतो. त्यामुळे पहिले दोन्ही गट आपल्याकडे थंडीतच फुलू शकतात. मोठ्या फुलांच्या ‘स्पेन्सर’ जाती मात्र उन्हाळी गटातल्या. दिवस १२ तासांचा होईपर्यंत मार्चचा मध्य उजाडतो. तोवर ऊन तापलेले असते आणि कळ्या गळतात. म्हणून पाकीट घेताना ‘विंटर’ किंवा ‘अर्ली फ्लॉवरिंग’ असा उल्लेख आहे का, ते पाहा. सगळ्याच जाती सुगंधी नसतात, त्यामुळे सुगंधाचा उल्लेखही तपासा.

पेरणी कधी आणि कशी?
* ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की पेरणी करा. उशीर झाला तर वेलीला थंडीचे दिवस कमी मिळतात.
* बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी जे फुगले नसेल, त्याच्या टरफलाला नेलकटरने हलकी चीर द्या. ‘डोळ्या’ची बाजू मात्र टाळा.
* किमान एक फूट खोल कुंडी घ्या. माती, कंपोस्ट आणि थोडी वाळू मिसळा. तळाची छिद्रे मोकळी हवीत.
* बी सुमारे एक इंच खोल पेरा. साधारण १० ते १५ दिवसांत कोंब दिसतात.
* पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात.
* पाच-सहा फुटांची जाळी किंवा सुतळीचा आधार सुरुवातीलाच द्या.

निगा कशी राखाल?
रोज किमान सहा तास ऊन हवे, पण मुळे गार राहायला हवीत. त्यासाठी मातीवर वाळक्या पानांचा थर द्या. ही शेंगवर्गीय वेल मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र वापरते. त्यामुळे युरिया देऊ नका, नाहीतर नुसती पानेच वाढतील. मावा आणि भुरीवर लक्ष ठेवा.

फुले दर दोन दिवसांनी कापत राहा. शेंगा धरल्या की वेल बी तयार करण्याकडे वळते आणि फुलोरा थांबतो. पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी ही वेल चांगली येते. मुंबई आणि किनारपट्टीच्या दमट, उबदार हवेत तिला जमवून घेणे कठीण जाते.

ही खबरदारी घ्याच
स्वीट पीच्या शेंगा मटारसारख्या दिसतात, पण त्या खाण्यायोग्य नाहीत. बियांतील विषारी घटक जास्त प्रमाणात पोटात गेल्यास हाडे आणि सांधणाऱ्या ऊतींना इजा करू शकतो. विदर्भात परिचित असलेली लाख किंवा लाखोळी ही याच कुळातली. तिच्यातला विषारी घटक वेगळा आहे. लाख हेच मुख्य अन्न म्हणून दीर्घकाळ खाल्ल्यास पायांना लुळेपणा येऊ शकतो.

घरात लहान मुले असतील तर शेंगा दिसताक्षणी तोडून टाका. बियांचे पाकीट स्वयंपाकघरात ठेवू नका. रंगीत दिसणाऱ्या बियांना बुरशीनाशक लावलेले असू शकते, त्यामुळे हातमोजे घालूनच पेरा. भिजवायला वापरलेली वाटी पुन्हा जेवणात वापरू नका. मुलाने बी किंवा शेंग खाल्ल्याचे लक्षात आले, तर त्रास होण्याची वाट न पाहता पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.